डागाचे पाच रुपये

लिहा कारकून, बुडवा बोरू.
तुम्ही आधी कागदभर रेघ ओढता
मग तिला अक्षरं टांगता एकेक,
वलणीवर धुणं टाकावं तशी.
बघायला बरं वाटतं मला.

नाव पुतळी. हे दुसऱ्या घरचं.
पहिल्या घरी नुसतं ‘ए’.
त्याआधी आई काय म्हणून हाक मारायची
ते दुष्काळात राहिलं, घाटाखाली,
दोन पायली नाचणीच्या बदल्यात.

पुण्यातलं पहिलं घर शुक्रवारात, विसाजीपंत कान्हेऱ्यांचं.
तिथलं फार सांगत नाही, पाठ बघा.
दूध उतू गेलं होतं, उलथनं चुलीतच होतं.
बळदात कोंडलं की उंदीर पायाशी यायचे,
मी त्यांना शिव्या घालायची पंतांच्या नावानं.
हसू नका. झोप लागायची त्यानं.
दोनदा पळाले. एकदा नागझरीपर्यंत,
एकदा पार कात्रजच्या घाटात.
दोन्ही वेळा बांधून आणलं.
तरी निजताना पाय माझे
दाराकडंच असायचे.

चाळीसाला घेतलेली, पस्तिसाला विकली.
पाठीवर खोट, म्हणून पाच कमी.

दुसरं घर नारायण पेठेत. सगुणाबाई गणपुले.
देवमाणूस. लिहा, खोटं नाही सांगत.
पहिल्याच रात्री समई जवळ ओढून
त्यांनी लोण्यात हळद कालवली, डागाला लावली
स्वतःच्या बोटांनी,
‘कसली गं माणसं ही’ म्हणाल्या.
ज्या डागापायी त्यांना मी पाच रुपयांनी स्वस्त पडले
त्याच डागाला.

डोक्याला तेल. दिवाळीला लुगडं, काठ विरलेला, पण अख्खं.
तापात पडले तर पेज, वर तुपाचा थेंब.
अकरा वर्षं कुणी हात उगारला नाही.
आणि कारकून, अकरा वर्षं
मी एकदाही पळाले नाही.
दिंडी उघडी असायची. मीच तर सारवायची तो उंबरा.
पाय कुठल्या दिशेला करून निजते
हेच विसरले.

मुलगी तिथंच झाली. बाप विचारू नका.
त्या घरात तेवढं एक
कुणीच विचारलं नाही,
दया म्हणून.

मग धाकट्या ताईंचं लग्न ठरलं, सासर वाईचं.
आंदणाची यादी मी भांडी घासता घासता ऐकली:
तांब्याची घंगाळं दोन,
समया चार,
गाय सवत्स एक,
कुणबिणीची पोर एक, उमर सहा.
कुणी म्हणालं, वासरू इथं ठेवू, दावणीला शोभेल.
सगुणाबाई म्हणाल्या, नको,
गाईपासून वासरू तोडलं की पाप लागतं.

त्या रात्री पोरीची वेणी त्यांनीच घातली.
नवा परकर दिला, मुठीत गूळ.
मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या,
‘माझाही जीव तुटतो गं.’
आणि मी,
मी त्यांना पाणी आणून दिलं.
पाठीवरून हात फिरवला.
त्यांची पाठ मऊ, गुळगुळीत,
हाताला कुठं काही लागेना.
शुक्रवारात असते तर उंदरांना शिव्या घातल्या असत्या.
इथं कुणाला घालू?

तुम्ही विचारता, दोघांत बरं कोण.
मी सांगायच्या आत बोरू चाललासुद्धा.
वाचून दाखवा म्हटलं तर वाचता:
‘पहिला धनी क्रूर. दुसरी धनीण दयाळू. तक्रार नाही.’
बरं.
रेघ तुमची, अक्षरं तुमची.

पण खाली जागा उरली असेल बोटभर
तर एवढं टांगा:
जायच्या आदल्या दिवशी पोरीचा
पुढचा दात पडला.
यादीत तो नव्हता.
मी तो गोठ्याच्या कौलांवर फेकला, रीतीप्रमाणं,
अजून असेल तिथंच.
घर गणपुल्यांचं, गोठा त्यांचा,
कौलंही त्यांचीच.
दात कुणाचा
तेवढं लिहून ठेवा.