सव्वाबारा ते सव्वा

मंगळवारी सकाळी मी आधी लोगो पुसते.
पाहुण्या डॉक्टरांच्या स्लाइडवर, तळाशी उजवीकडे,
एका औषध कंपनीचं निळं पान असतं,
नखाएवढं.
"एवढंसं तर आहे, हेल्मी," ते म्हणतात.
मी म्हणते, नेहमी एवढंसंच असतं.

मग त्यांच्यापुढे फॉर्म:
गेल्या चोवीस महिन्यांत कुणाकडून काय घेतलं,
मानधन, शेअर, सल्ल्याचे पैसे.
ते पेन चावत बसतात,
जसं काही मी पैसे नाही, पाप विचारलंय.

कंपनीचा पोरगा टेबल मांडतो ते कॉरिडॉरपलीकडे.
मध्ये भिंत हवी, असा आमचा दंडक.
पास्टीचा वास मात्र भिंत मानत नाही,
बटाटा, सलगम, गरम मांस.
सगळ्या माना तिकडे वळतात
आणि मी दारात उभी,
हजेरीचा कागद छातीशी धरून,
शाळेतल्या बाईंसारखी.

सतरा वर्षं.
या गावातल्या तांब्याच्या खाणी मिटल्या, रेल्वे गेली,
बाळंतपणाचा वॉर्ड दोनदा जाता जाता राहिला.
मान्यता तेवढी आम्ही टिकवली.
तपासणीवाले कागद मागतात तेव्हा
मी खोकीच्या खोकी उघडते,
सहा-सहा वर्षं जपलेले तास,
लोणच्याच्या बरण्यांसारखे, तारखा घालून.
मान्यता गेली तर आमच्या डॉक्टरांना
एकेका क्रेडिटसाठी तीन तास गाडी हाकावी लागेल,
आणि त्या तीन तासांत इथे
कुणाच्या तरी छातीत दुखत असेल.
म्हणून मी नियमावर बोट ठेवते.
बोट झिजलं तरी.

फेब्रुवारीतला तो मंगळवार.
सुपिरियर सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
विषय: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव.
कागदावर बारावी सही विल्हो निएमीची.
निएमीची सही पुसट असते, घाईतली.
ही मात्र गोल, टपोरी,
ट्रेमबाथने दोस्तासाठी ठोकून दिलेली.

मी काही बोलले नाही.
संध्याकाळी जन्मनोंदी माझ्याच टेबलावरून जातात
(लहान हॉस्पिटल, एका बाईला तीन टेबलं).
मुलगी. सात पौंड, एक औंस.
वेळ बारा चाळीस.
हजर डॉक्टर: निएमी. पुसट, घाईतलं.
खाली एक ओळ:
आईला रक्तस्राव. थांबला.

दोन कागद, एक माणूस, एकच तास.
मी पट्टी घेतली
आणि एका कागदावरची सही खोडली.
कुठल्या, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तो आला,
बुटांवर रस्त्याचं मीठ, डोळे लाल.
परवान्याला नेमका एकच तास कमी पडत होता.
"तुम्ही वर ज्या विषयावर बोलत होतात, हेल्मी,
तोच खाली माझ्या हातांत चालला होता.
कोपरापर्यंत."
माहीत आहे, मी म्हणाले.
"मग?"
मग काय. हजेरी म्हणजे हजेरी.
तू खोलीत नव्हतास.
तू होतास तिथे हजेरीचा कागद नव्हता.

मी ड्रॉवर उघडला,
तळाचा फॉर्म काढला, कधीच कुणी न मागितलेला:
कामातून पडलेला प्रश्न, शोधलेलं उत्तर,
पुढच्या वेळी काय वेगळं कराल.
दोन पानं. पुरावा जोडून.

तो म्हणाला, झोप येतेय.
मी म्हणाले, कॉफी आहे. माझ्या पैशांची,
कुठे जाहीर करावी लागणार नाही.

तो हसला नाही. बसला मात्र.
'पुढच्या वेळी'च्या रकान्यापाशी
पेन खूप वेळ थांबलं.
मग त्याने जे लिहिलं ते मी टेबलाच्या या बाजूने, उलटं वाचलं:
रक्ताच्या पिशव्या आधीच मागवीन.
रस्ता मोकळा होईल असं धरून चालणार नाही.

ट्रेमबाथला त्या आठवड्यात
मी पास्टी दिली नाही.
त्याने कारण विचारलं नाही.