पाचवं पाऊल

माझा धंदा आवाजांचा.
पडद्यावर कुणी बर्फातून चालतं तेव्हा
टालिनमधल्या एका तळघरात, नुसत्या मोज्यांवर,
मी चामड्याच्या पिशवीतलं मक्याचं पीठ दाबत असते.
हाड मोडतं, ती सेलरीची काडी.
घुबड उडतं, ते माझे जुने हातमोजे.

या हिवाळ्यात उदू आला.
दलदलीतला तो धुक्याचा बैल, पाच पायांचा,
ज्याच्यासाठी आमच्याकडची तीन पिढ्यांची पोरं
खिडकीत दुधाची बशी ठेवून झोपली,
ज्याच्या पाठीवर बसून हरवलेली इंग्रिद
घरी न जाता
घराभोवतीच फिरत राहते.

"डोळे झाले," तावेत म्हणाला. सिनेमा त्याचा.
"केस झाले. केसांवर तर चार जणांनी वर्ष घातलं.
आता तू चालव त्याला."

चालवला.
लोकर गुंडाळलेला हातोडा, शेवाळानं भरलेलं घमेलं.
धप्. धप्. धप्. धप्.
मग थांबले, एक पाऊल मावेल एवढी.
पुन्हा चार. पुन्हा थांबले.

काचेपलीकडून तावेत: "पाचवं कुठं पडलं?"
"पाचवं वाजत नाही," मी म्हणाले,
पाणी ओलं असतं, असं सांगावं तसं.

त्यानं पुस्तक आणलं. पान एकसष्ट.
चार पावलं दलदलीची, पाचवं मात्र असं,
की शेजारच्या खोलीत कुणी
ताजा पाव टेबलावर ठेवावा.

ती ओळ मी तीनदा वाचली.
हे पुस्तक मला तोंडपाठ आहे
असं चाळीस वर्षं सांगत आलेय.
पण मी ते कधी वाचलंच नव्हतं.
ऐकलं होतं.

विल्यांदीतलं स्वयंपाकघर. टेबलावर मेणकापड,
त्याच्यावरची फिकट झालेली चेरी.
बाबांच्या डाव्या हातात पुस्तक,
आणि उजवा हात उदू होऊन माझ्याकडे यायचा:
अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका,
आणि मग
लाकडाच्या गिरणीनं ठेवून घेतलेली करंगळी.

तेवढ्यापुरता मी श्वास धरायचे.
अख्खी रात्र, अख्खी दलदल, इंग्रिदचे ओले बूट,
सगळं त्या एका बोटाच्या जागेत मावायचं.

ती ओळ बाबा गाळायचे,
की वाचायचे आणि मी ऐकायचे नाही?
हे विचारायचं तरी आता कुणाला.

खालच्या दुकानातून काळा पाव आणला, राईचा, अख्खा.
फळीवर ठेवला. फार जोरात.
फार हळू.
फार ठरवून.
सातव्या खेपेला हात विसरला की आपण आवाज करतोय,
आणि जमलं. चांगलं जमलं, खोटं कशाला बोलू.
तावेत रडला. तो साबणाच्या जाहिरातीलाही रडतो.
पाव आम्ही लोणी लावून संपवला.
पहिलं रेकॉर्डिंग अजून आहे माझ्याकडे;
त्याच्यावर तावेतच्या अक्षरात लिहिलंय: चूक.

मार्चमध्ये आईला घेऊन गेले, विल्यांदीतच.
तिला गुडघ्यामुळे कडेची खुर्ची लागते.
पडद्यावर धुकं असं दाटलं
की पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाय वर घेतले.
चार पावलं.
मग शेजारच्या खोलीत कुणीतरी पाव ठेवला.

कुणालाच काही खटकलं नाही.
आता या सगळ्यांचा उदू असाच चालणार.

आई माझ्याकडे झुकली,
कुजबुजायचं ठरवून जोरात म्हणाली,
"हां, हे बरोबर आहे.
तुझ्या बापाला कधी जमलं नाही."

आणि मग दिवे लागेपर्यंत
माझ्या खुर्चीच्या हातावर ती बोटं वाजवत राहिली,
एकामागून एक, चार,
करंगळी आत दुमडून.