तिसऱ्या रांगेतल्या बाईंस

बाई, तुमचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही.
करड्या केसांचा अंबाडा, त्यात खोचलेली हिरवी कंगवी,
डावीकडे किंचित कललेली मान.
कॅमेरा मागून सरकतो तेव्हा तेवढ्याच दिसता तुम्ही,
दीड-दोन सेकंद.
गेल्या तीन हिवाळ्यांत पाच नाटकं आपण एकत्र पाहिली.

तुमच्याकडे लंडनमध्ये गुरुवार, रात्रीचे साडेसात.
माझ्याकडे ब्लफला शुक्रवार उजाडून तास-दोन तास झालेले.
तुम्ही कोट काढून मांडीवर घेता,
मी कोंबड्यांना दाणे टाकून, हात धुऊन,
बशीवर चमचा तीनदा वाजवते.
घंटेशिवाय नाटक सुरू करणं बरं नाही.
कुत्र्यालाही आता कळतं. तो शेगडीपाशी जाऊन पडतो.

मी नायरी टलक.
एकतीस वर्षं कालवं उघडली, धक्क्यावरच्या शेडमध्ये.
कालवाला जोर लावायचा नसतो, जागा शोधायची असते.
बिजागरीपाशी सुरीचं टोक, मनगट जरासं वळवायचं,
की घट्ट मिटलेलं तोंड आपसूक सैल होतं.
चांगला नट प्रेक्षकांचं नेमकं हेच करतो.
हे मी शेडमध्ये बोलून गेले
आणि मेरेआना म्हणाली, हिला आता राणीसरकार म्हणा गं.
म्हणत राहिल्या, निवृत्त होईपर्यंत.

पहिलं नाटक पाहिलं ते लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर,
कानात उसने हेडफोन.
शेवटी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या
तेव्हा लायब्ररीयनबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या.
लंडनला कधी गेलात का, त्यांनी विचारलं.
नाही. एवढे पैसे, एवढी विमानं,
आणि कोंबड्यांकडे कोण बघणार?

पण मुद्दा हा नाही. मी लिहितेय ते मागच्या नाटकाबद्दल.
त्या दोन बहिणी, वडलांचं घर विकायला काढलेलं,
भिंतीवर तसबिरींचे फिकट चौकोन.
थोरली दारात पोचते, कडीवर हात, वळते,
म्हणते, “मी कधीच...”

आणि सामुद्रधुनीवरून वारा आला.
इथला वारा आला की आधी इंटरनेट जातं, मग पत्रे.
तिचं तोंड अर्धं उघडं, डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका,
चार मिनिटं, घड्याळ लावून चार मिनिटं.

मीच मग तिचं वाक्य पुरं करत बसले.
मी कधीच परत येणार नव्हते. छे, हे फारच नाटकी.
मी कधीच त्यांचं ऐकलं नाही.
मी कधीच तुझ्या लग्नातला तो टीसेट चोरला नव्हता, जीन.
हे तोंडातून आलं आणि मी दचकले.
त्या बहिणीचं नाव जीन नव्हतं.
जीन माझी. इन्व्हरकारगिलच्या दफनभूमीत, नऊ वर्षं झाली,
आणि त्या टीसेटवरून आम्ही त्याच्या दुप्पट वर्षं अबोला धरलेला.

चित्र हललं तेव्हा रंगमंचावर काळोख होता
आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात.
अंबाडा थोडा सुटला होता.

ती काय म्हणाली, बाई?
तुम्ही तिथे होतात, तुमच्या कानांवर पडलं असेल.
मुद्रित प्रयोग आठवडाभर उपलब्ध होता.
तीनदा उघडला, तीनदा त्या दाराशी आणून थांबवला.
तिने वेगळंच काही म्हटलं असेल तर
मी जीनला जे म्हणाले ते पुसलं जाईल, असं काहीतरी वाटतं.
वेडेपणा आहे, ठाऊक आहे मला.

तेव्हा सांगू नका.
पुढच्या महिन्यात नवीन नाटक आहे, तिथेच बसा,
थोड्या उजवीकडे सरकलात तर खिडकीचा सेट मला पुरता दिसेल.
आणि हो, मागच्या वेळी दुसऱ्या अंकात तुम्हाला फार खोकला येत होता.
कोमट पाण्यातून मध घ्या.
दोन चमचे. रात्री झोपताना.