डॉरीन

शुक्रवारी रात्री ग्रिम्झबीच्या क्लबात
माळ्यावरून दिवा मारायचो मी.
खाली मासळी-धक्क्यावरची माणसं,
कितीही साबण लावा, बोटांना कॉडचा वास,
आणि रंगमंचावर
(रंगमंच कसला, बिअरचे क्रेट आणि वर फळी)
ऑब्रे स्टॅनिलँड,
तपकिरी सूट, टाय मुद्दाम वाकडा.

"आमची डॉरीन," एवढंच तो म्हणायचा
आणि पुढच्या रांगेला आधीच खोकला लागायचा हसून.
डॉरीन टोस्ट जाळते, वर टोस्टरलाच ओरडते.
डॉरीन भांडली की दोन-दोन दिवस
कुत्र्यामार्फत बोलते.
डॉरीन झोपेत थांबे पुकारते,
"क्लीथॉर्प्स! शेवटचा थांबा! उतरून घ्या!"
आणि मी, साहेब, मुकाट उतरतो पलंगावरून.

अकरा वर्षं चालला हा संसार.
बायका विचारायच्या, आणा की एकदा तिला.
"तिला माझे विनोद आवडत नाहीत,"
तो म्हणायचा.
ते खरंच होतं, हे मला नंतर कळलं.

कळायला आधीच हवं होतं.
झोपेत थांबे कोण पुकारतं?
रोज ज्या बसने मी यायचो
तिचा कंडक्टर नेव्हिल,
उरलेले सुटे पैसे तळहातावर मोजून देणारा,
डब्यात काळा पडलेला टोस्ट.

ऑब्रेच्या आधी एक जाड्या यायचा, लीड्सचा.
मनगट मोडून, कंबर वळवून
'तसल्यां'ची नक्कल करायचा.
क्लब डोक्यावर घ्यायचे लोक.
मीही हसायचो. दिवा हलायचा माझ्या हातात.
पडद्यामागे ऑब्रे उभा असे,
आपली पाळी येण्याची वाट बघत.

सत्त्याऐंशीचा हिवाळा.
हलच्या इस्पितळात, हंबरच्या पलीकडे,
फक्त नातेवाइकांनाच आत सोडत.
अर्जावर ऑब्रेने लिहिलं: भाऊ.
नर्सने दोन आडनावं वाचली,
काही न बोलता दार उघडलं.

त्या शुक्रवारी तो आला.
टाय सरळ होता.
"डॉरीन गेली," म्हणाला.

लोक हसले.
मग थांबले, पुढचं वाक्य येईल म्हणून.
ते येईना.
कोणीतरी पेला खाली ठेवला, तेवढा आवाज.
"डॉरीन नव्हतीच," तो म्हणाला,
"टोस्ट खरा होता."
आणि अकरा वर्षं जपलेली वेलांटी उतरवून
त्याने काना चढवला, वर मात्रा:
ती नव्हे, तो. नेव्हिल. नऊ नंबरची बस.

फिलेट कापणारा वॉल्ट उठला, कोट घेतला, गेला.
त्याची बायको उठली नाही.
मॅनेजर खालून मला खूण करत होता,
विझव, विझव.
मी विझवला नाही.
शौर्य नाही हो ते. हात जागचा हललाच नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल:
लंडन, पबच्या वरच्या खोल्या, तरुण पोरं,
जी त्याच्या प्रत्येक वाक्याला हसत
आणि मधेच डोळे पुसत.
मग पुस्तक. मग कुठलंसं छोटं बक्षीस,
ज्यावर तो चावी ठेवायचा.

इथल्या वाचनालयात त्याने वाचलं एकदा.
मांडलेल्या खुर्च्या तीस, माणसं पाच,
त्यातला एक उबेला आलेला.
वाचून झालं. प्रश्न? कोणी बोलेना.
मग वॉल्टची बायको, आता काठी घेऊन, उभी राहिली.
"त्या कुत्र्याचं काय झालं?"

ऑब्रेने चष्मा काढला.
"सहा वर्षं जगला नंतर," म्हणाला,
"पण माझ्याशी अबोलाच. 
शेवटपर्यंत त्याचीच बाजू घेतली मेल्याने."

ती हसायला लागली.
हसता हसता खाली बसली, काठी पडली,
कोणीच उचलली नाही बराच वेळ.
माझा हात वर गेला होता,
माळ्यावर दिवा असायचा तिथे.