गाडी घरातून जाते

आधी केबल चोरीला गेली, मग छताचे पत्रे, मग खिडक्या,
शेवटी फलाटावरचं घड्याळसुद्धा.
गाडी बंद झाल्याचं कुणी जाहीर केलं नाही.
लोक आठवडाभर सवयीने उभे राहिले,
मग टॅक्सीच्या रांगेत गेले.

नोम्बुलेलोने रुळांच्या मधोमध घर बांधलं.
जमीन सपाट, खडी आयतीच अंथरलेली.
रुळावर पातेली पालथी घालायची,
सिग्नलच्या खांबाला कपड्यांची दोरी.
धाकटा विचारायचा, हे लोखंड कशाला?
ती म्हणायची, घर वाहून जाऊ नये म्हणून.

सहा वर्षं.
मग नारिंगी जाकिटातली माणसं आली वही घेऊन,
दारावर रंगाने आकडा मारला: ११७.
लांब, वाळूत, एक तुकडा मिळाला.
पत्रे तिने स्वतःच उचकटले,
खिळे सरळ करून डब्यात भरून नेले.

आज तिने तिकीट काढलंय,
केप टाउनला, डोळे दाखवायला.
डबा निळा, रंगाचा वास अजून गेलेला नाही.
समोर म्हातारे म्झ्वान्डिले टोपी नाकावर ओढून पेंगतायत.
काचेला कपाळ टेकवून ती खांब मोजते.

सिग्नल.
दोरीची गाठ अजून तिथेच,
दोरी कुणी नेली कोण जाणे.
चूल, पलंग, धाकट्याचा कोपरा,
तीन सेकंद. फार तर चार.

ती नकळत पाय वर घेते.
खाली मुलं निजली असतील.