छेद

पहिल्या वर्षी आम्ही साबणाची चित्रं काढली.
वीस सेकंद हात धुवा: अरबीत, इंग्रजीत, मल्याळममध्ये.
उर्दूतली ओळ माझ्याकडे, नुक्ते मोजून मोजून.
अब्बा म्हणाले, एवढी फी भरून हात धुवायला शिकवतात?
मी म्हटलं, डॉक्टर एका माणसाला बरं करतो, आम्ही गावाला.
पाठ केलेलं वाक्य होतं, पहिल्या तासाचं.
ते हसले, आणि वजू करायला उठले.

तिसऱ्या वर्षी दर आले. दर हजारी, दर लाखी.
डॉक्टर शम्सा फळ्यावर आडवी रेघ ओढायच्या
आणि रेघेखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून थांबायच्या.
"वरचं कोणीही लिहील. आजारी माणूस दिसतो.
खाली कोण आहेत, ते सांगा."

अंश, छेद, मी मनात म्हणायचे.
शारजात मराठी शाळा कुठली;
हे शब्द आईने आणलेले, दाभोळहून,
लग्नाच्या ट्रंकेत, पितळी डब्यांच्या बरोबरीने.
अंश म्हणजे वरचा आकडा, आणि तापमानाचाही.
छेद म्हणजे खालचा.
छेद म्हणजे कापही, पण ते मला नंतर कळलं.

एमपीएचला मी ऊन घेतलं.
सजाच्या कामगार वसाहती, सहा पलंगांची खोली,
दारात चपलांचा ढीग, गच्चीवर वाळणारे निळे डगले.
जागेचं नाव ऐकून आईने विचारलं,
सजा कुठली गो, तलाठ्याची की कोर्टाची?

साडेबारा ते तीन काम बंद, तेव्हा मी प्रश्नावली भरून घ्यायचे.
किती पाणी पिता? लघवीचा रंग?
एक पोरगा लाजून चहाच्या कपाकडे बोट दाखवायचा.
दवाखान्याने आकडे दिले: पेटके, चक्कर, वांती.
अंश मिळाला.
कंपन्यांनी छेद दिला नाही.
चार ईमेल, तीन ऑफिसं,
प्रत्येक ठिकाणी वेलचीची कॉफी, मऊ खजूर,
आणि मनुष्यबळाची माहिती गोपनीय असते, मॅडम.

त्या रात्री अब्बांनी पलंगाखालून रेक्झिनची बॅग ओढली.
बावीस डायऱ्या.
आडनावाने मुकादम, कामाने टाइमकीपर;
रोज पहाटे साडेचारला बसच्या दाराशी उभं राहून
मोजलेली माणसं.
गँग एक्केचाळीस, हजर एकोणचाळीस, ता एक, गा एक.
ता म्हणजे ताप. गा म्हणजे गावी. च म्हणजे चक्कर.
मराठीत का? तर इंजिनियरला वाचता येऊ नये म्हणून.

मी दोन आठवडे नुसती भागत बसले.

डॉक्टर शम्सांनी पानं उलटली, हळू, ओली असल्यासारखी.
मग चष्मा काढला.
"संमती कोणाची घेणार? ह्यांतले किती जण सापडतील?
समिती हे मान्य करणार नाही. मीही करू नये."
दारापर्यंत आल्या.
"पण ह्या जपा. कोरड्या जागी ठेवा."

घरी आले ते एक पान उघडून.
चौदा ऑगस्ट. हजर अडतीस, च तीन.
तीनचा आकडा खाली घसरत गेलेला, शाई फाकलेली.
ही तारीख मला ठाऊक होती. मी सहावीत होते.
दोघांनी धरून अब्बांना जिन्यावरून वर आणलं होतं,
हातावर सलाइनची पट्टी, बुटात वाळू,
आणि आईने फ्रिजमधले सगळे बर्फाचे ट्रे
एका टॉवेलात उलटे केले होते.

तुम्ही कुठायत ह्यात?

अब्बा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले,
मी लिहिणारा होतो गो बाय.
लिहिणाऱ्याला कोण धरतं?

प्रबंधात ते पान नाही.
पण त्या रात्री, वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने,
मी रेघेखाली एक मिळवला.
बेचाळीस.
थोडं थांबले.
मग वरही.