केळीच्या पानावर

झिप्रू कोळ्याची चारशेसात तिसऱ्यांदा दारात उभी राहिली
तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला नाही.
"अजून गळू राहिली, भो," तो म्हणाला,
आणि ज्या सुरात म्हणाला
त्यात माझी दोन बिलं होती.

पहिल्यांदा ऑइल चेंबरचं पॅकिंग बदललं.
खाली ओलं, म्हणजे खालचंच गेलं, असं धरून चाललो.
एक पाना घसरला, अंगठ्यावर अजून खूण आहे.
दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवून मागचं सील.
फैजपूरहून सावद्यापर्यंत गाडी कोरडी गेली
आणि केळीच्या वजनकाट्यावर
काटेवाल्यानेच त्याला बोलावून डाग दाखवला.

आज पान्याला हात लावला नाही.
झिप्रूला म्हटलं, मागून दोन पानं काढ.
घडांवर झाकलेली, कडांनी सुकलेली पानं
आम्ही इंजिनाखाली अंथरली,
पाहुणा जेवायला बसवावा तशी.
पहिला थेंब पडला.
मग बराच वेळ काही वाढलं नाही.
मग दुसरा, पहिल्यापासून चार बोटं लांब.

थेंब कुठे पडला एवढंच पान सांगतं.
निघाला कुठून, ते त्यालाही ठाऊक नसतं.
चालत्या गाडीत वारा तेलाला मागे लोटतो,
तेल एखाद्या बोल्टच्या डोक्यावर थांबतं, वळतं,
आणि दुसऱ्याच्याच दारात जाऊन टपकतं.

डिझेलने धुतलं. मुरादने ब्रश मारून
सात वर्षांची काळी साय खरवडली.
खालून इंजिनाचा मूळ रंग निघाला, निळसर,
झिप्रूने तो कधी पाहिलाच नव्हता.
हवा मारून सुकवलं.
मग घरून पावडरचा डबा मागवला,
बाळाच्या अंगाला लावतात तो.
शकिला म्हणाली, अर्धा तरी परत आणा.
फडक्यात पुरचुंडी बांधून
साऱ्या इंजिनावर थोपटली.
दिवाळीनंतरचं ऊन, तरी पत्रा तापलेला,
आणि त्याखाली ते धूड पांढरंफटक,
न्हाऊमाखू घालून निजवल्यासारखं.
झिप्रू हसला.
स्टार्टर मारला तेव्हा हसत नव्हता.

वीस मिनिटं टॉर्च धरून पडून राहिलो
एक जागा काळी व्हावी म्हणून.
तीन झाल्या.
टॅपेट कव्हरची कड, पुढचं सील,
आणि मागचं, मी माझ्या हाताने बसवलेलं.

तिघंही एकाच महिन्यात म्हातारे?

इंजिन चालूच होतं. तेल ओतायचं झाकण जरा फिरवलं
तर ते हातातून उडालं
आणि आतून कोंडलेला फुत्कार तोंडावर आला.

ब्रीदरची नळी काढली. करंगळी घातली, अडली.
तारेने टोकरलं तर माती.
तापीकाठची करडी माती, भाजल्यासारखी कडक.
"पोळ्याला तुझा पाय मोडला, तेव्हा गाडी कुठी होती?"
"शेतात. निंबाखाली. दोन महिने."
दोन महिन्यांत कुंभारणीने तिथे घर बांधलं,
बांधकाम चोख, माझ्या पॅकिंगपेक्षा चोख.
आत पिलासाठी ठेवलेला एक वाळका कोळी.
झिप्रूने तो तळहातावर घेऊन नीट पाहिला.
"आमच्यातला नाही," म्हणाला.

नळी फुंकून पाहिली. दिवसभर तोंडात डिझेल.
तिन्ही सीलं पुसली, एकही बदललं नाही.
"किती झाले?" त्याने विचारलं.
मी मागची दोन बिलं मनात धरून
वर पत्र्याकडे पाहत राहिलो.
"पावडरचे दे."

गाडी रात्री तिथेच ठेवली, खाली नवं पान.
सकाळी येऊन पाहतो तर
शेजारच्या बकरीने अर्धं पान खाल्लेलं.
उरलेलं कोरडं होतं.
खाल्लेल्याची ग्यारंटी मी दिली नाही.